कारवानी : एका श्वानजातीच्या नावाची वाटचाल

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या बाजूस धावडा हे गाव आहे. हे नाव प्रथमच ऐकणाऱ्यास ‘धाव’ हा शब्द आठवावा, हे स्वाभाविक आहे. पण धावडा हे आपल्याकडील एका जंगली झाडाचेही नाव आहे. संस्कृतात त्याला ‘धव’ म्हणतात, आणि डिंकाच्या लाडवांसाठी गृहिणी धावड्याचाच डिंक आवर्जून मागतात. पिंपळगाव, वडगाव, बाभूळगाव अशी झाडांवरून गावांना नावे देण्याची आपली जुनी रीत पाहता या गावाच्या नावाचा विचार करताना धावण्याच्या अगोदर या झाडाकडे पाहणे इष्ट ठरते. तालुक्याच्या ठिकाणाची गोष्ट मात्र याच्या अगदी उलट आहे. भोकरदन म्हटले की भोकराचे झाड आणि त्याच्या फळांचे लोणचे डोळ्यांसमोर येते. वस्तुतः या गावाचे प्राचीन नाव ‘भोगवर्धन’ असे असून तेथील दात्यांचे उल्लेख सांची व भारहुत येथील शिलालेखांत आढळतात. एके ठिकाणी झाड विसरले जाते, तर दुसऱ्या ठिकाणी नसलेले झाड दिसू लागते. कानाला जे जवळचे वाटते तेच खरे मानण्याचा मोह नावांच्या बाबतीत नेहमीच होतो.

गावांच्या नावांप्रमाणे पशूंच्या नावांचेही होते. मराठवाड्यात, तसेच सोलापूरपासून विजापूर, बागलकोटपर्यंतच्या पट्ट्यात एक सडपातळ, उंच पायांचे शिकारी कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते. निमुळते लांब डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब शेपटी ही त्याची लक्षणे होत. वासापेक्षा नजरेच्या बळावर सावजाचा माग घेणाऱ्या व वेगाने त्याला गाठणाऱ्या श्वानांच्या गटात ते मोडते. पूर्ण वाढलेल्या नराची उंची खांद्यापाशी सुमारे ७० सेंटिमीटर भरते. मराठवाड्यात या कुत्र्याला ‘कारवानी’ म्हणतात. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव त्याच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. कर्नाटकात हेच कुत्रे ‘मुधोळ’ नावाने ओळखले जाते, आणि श्वानप्रदर्शनांत त्याला इंग्रजी नावाने पुकारले जाते. एकाच पशूला तीन नावे असावयास हरकत नाही. परंतु शासकीय नोंदवहीत त्यांपैकी कोणते नाव लिहिले जाते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणूनच या नावांचा उगम नीट समजून घेतला पाहिजे.

नाव कसे घडले

‘कारवानी’ या शब्दाची फोड सोपी आहे. फार्सी भाषेत ‘कारवान’ म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा व वाटसरूंचा समूह. त्याला ‘ई’ हा संबंधदर्शक प्रत्यय लागला की ‘कारवानी’, म्हणजे कारवानाचा, कारवानाबरोबरचा, असा अर्थ होतो. सरकारचे ते सरकारी, उस्मानाबादची ती उस्मानाबादी शेळी, त्याच चालीवर हा शब्द बनला आहे. हा प्रत्यय मराठीत इतका रुळला आहे की तो परका वाटतच नाही. कारवार या बंदराशी किंवा कारवाई या शब्दाशी ‘कारवानी’चा काहीही संबंध नाही, हे येथे सांगितलेले बरे, कारण कानाला तेही शब्द जवळचेच आहेत.

कारवान ही वस्तू आपल्याला नवी नव्हती, हे मात्र ध्यानात घ्यावयास हवे. संस्कृतात तिला ‘सार्थ’ म्हणत आणि तिच्या प्रमुखाला ‘सार्थवाह’. सातवाहनांच्या काळात पैठणहून उज्जैनकडे जाणारे सार्थ ज्या मार्गाने जात, त्याच मार्गावर भोगवर्धन हे भरभराटीचे नगर होते. १९७३ साली तेथे झालेल्या उत्खननात एका हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला. इटलीतील पाँपेई या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या नगरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. भोकरदनच्या वाटेवरून जाणाऱ्या मालाला किती लांबवरच्या बाजारपेठा मोकळ्या होत्या, याची त्यावरून कल्पना येते.

सार्थ गेले, तरी वाटा बंद पडल्या नाहीत. पुढे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडणारे बंजारे आले. ‘बंजारा’ हा शब्द वाणिज्य करणारा या अर्थाच्या संस्कृत शब्दापासून आला आहे. ‘लमाण’ हे त्यांचे दुसरे नाव ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी जोडले जाते. त्यांच्या बैलांच्या लांबच लांब रांगेला आणि मुक्कामालाही ‘तांडा’ म्हणत, आणि त्यांच्या वस्त्यांना तो शब्द आजही कायम चिकटलेला आहे. तेव्हा हिंडत्या व्यापाऱ्यांसाठी सार्थ आणि तांडा असे दोन शब्द या भूमीत अगोदरच होते. तरीही कुत्र्याचे नाव त्या दोहोंपैकी एकावरून पडले नाही. ते फार्सी शब्दावरून पडले.

याचे कारण दख्खनच्या इतिहासात आहे. १३४७ साली बहमनी राज्याची स्थापना झाली. त्यानंतर निजामशाही, आदिलशाही, मोगल व आसफजाही अशा सत्ता या प्रदेशावर आल्या आणि त्यांच्या दरबारी फार्सीचा मान मोठा राहिला. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फार्सीच राजभाषा होती. नंतर तिची जागा उर्दूने घेतली. मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता. कागद, दफ्तर, जमीन, जिल्हा, तहसील, शिकार हे शब्द ज्या वाटेने आपल्या बोलीत उतरले, त्याच वाटेने कारवानही आला. शिवछत्रपतींच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश तयार करवून घेऊन फार्सी राजकीय संज्ञांना संस्कृत पर्याय देण्यात आले. पण असा प्रयत्न दरबारच्या शब्दांपुरताच पोहोचतो. गोठ्यातील व शिवारातील शब्द कोणत्याही कोशाची वाट पाहत नाहीत. हैदराबाद शहरात गोवळकोंड्याच्या रस्त्यावर एकेकाळी व्यापाराने गजबजलेला ‘कारवान’ नावाचा भाग अद्यापि आहे. शहरात तो शब्द पेठेला चिकटला, आणि खेड्यात कुत्र्याला.

लोकरीवरून पडलेले नाव

याच जातीत कान, शेपटी व पाय यांवर लांब, मऊ केस असणारा एक प्रकार आढळतो. त्याला ‘पश्मी’ म्हणतात. काही जाणकार त्याला स्वतंत्र जात मानतात. ‘पश्म’ म्हणजे फार्सीत लोकर. काश्मीरच्या शालींसाठी प्रसिद्ध असलेला ‘पश्मिना’ हा शब्द त्याच मुळापासून आला आहे. येथे नाव अंगलक्षणावरून पडले आहे, कारवानीप्रमाणे जीवनपद्धतीवरून नव्हे. दोन्ही नावे एकाच भाषेतून यावीत, यावरून ही कुत्री ज्यांच्या संगतीत ओळखली गेली त्या लोकांच्या बोलण्यात फार्सीचा वावर होता, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

नावाने काय सिद्ध होते आणि काय होत नाही

कारवानीविषयी सर्वत्र सांगितली जाणारी हकीकत अशी की, इराण, अफगाणिस्तान व अरबस्तानातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या आणि लष्कराच्या काफिल्यांबरोबर ही कुत्री दख्खनमध्ये आली आणि येथल्या लोकांनी त्यांना कारवानाची कुत्री म्हणून ओळखले. पश्चिम आशियातील ‘सलुकी’ व ‘ताजी’ या कुत्र्यांशी कारवानीची ठेवण जुळते, हे खरे आहे. म्हणून ही हकीकत असंभाव्य नाही. परंतु शब्द फार्सी आहे, तेवढ्यावरून कुत्रेही इराणी ठरविणे हे भोकरदनमध्ये भोकर शोधण्यासारखे होईल. नावावरून नाव देणाऱ्याचा पत्ता लागतो. ज्याला नाव दिले त्याचा जन्म कोठला, हे त्यावरून कळतेच असे नाही.

याची उदाहरणे जगभर आहेत. टर्की हा पक्षी मूळचा अमेरिकेचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तर फ्रेंच भाषेत त्याचे नाव हिंदुस्थानावरून पडले. ‘ग्रेट डेन’ या महाकाय कुत्र्याच्या नावात डेन्मार्क असले, तरी त्याची जडणघडण जर्मनीत झाली. ‘ग्रेहाउंड’ या सुप्रसिद्ध शर्यतीच्या कुत्र्याच्या नावातील ‘ग्रे’ हा राखाडी रंग नव्हे. कुत्री या अर्थाच्या एका जुन्या उत्तर युरोपीय शब्दाशी तो संबंधित आहे. ताजीची गोष्ट तर धावड्याच्या गोष्टीशी हुबेहूब जुळते. फार्सीत ‘ताख्तन’ म्हणजे वेगाने धावणे. ताजी कुत्रे वेगवान, म्हणून त्याचे नाव त्या धातूवरून आले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ‘ताजी’ या फार्सी शब्दाचा जुना अर्थ ‘अरब’ असा आहे. हिंदुस्थानातही हा शब्द अरबी घोड्यासाठी वापरला गेला आहे.

तेव्हा कारवानीच्या रक्तात बाहेरून आलेला अंश किती आणि येथील मूळ कुत्र्यांचा किती, हा प्रश्न पशुवैद्यकांच्या प्रयोगशाळेत सुटेल, शब्दकोशात सुटणार नाही. शब्द सांगतो ते वेगळेच. हे कुत्रे एका जागी बांधलेले नव्हते, ते चालत्या माणसांचे कुत्रे होते, एवढी आठवण त्याने जपली आहे. आपल्या गुरांच्या जातींत याला एक चांगला जोड आहे. देवणी व लाल कंधारी ही नावे गावांवरून पडली, डांगी प्रदेशावरून. खिल्लार मात्र गावावरून नव्हे. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. कळप घेऊन हिंडणाऱ्या लोकांच्या जीवनातून ते नाव आले. खिल्लार आणि कारवानी ही एकाच प्रकारची नावे होत.

मुधोळचे घोरपडे

आता दुसऱ्या नावाकडे वळू. मुधोळ हे घटप्रभा नदीच्या खोऱ्यातील गाव. कन्नड महाकवी रन्न याचे जन्मस्थान म्हणून कर्नाटकात त्याला मान आहे. मराठी वाचकांना ते घोरपडे घराण्याच्या संस्थानाची राजधानी म्हणून परिचित आहे. या घराण्याच्या आडनावातही एक प्राणी आहे. घोरपडीच्या साह्याने किल्ला सर केल्याबद्दल त्यांच्या पूर्वजाला बहमनी सुलतानाकडून हा किताब मिळाला, अशी परंपरागत कथा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुधोळचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या श्वानांच्या पैदाशीकडे विशेष लक्ष दिले. त्यांनी त्यांची एक जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना नजर केली आणि तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते. म्हणजे हे नाव कुत्र्याच्या उत्पत्तिस्थानाचे नव्हे, आश्रयस्थानाचे आहे. उत्तरेतील रामपूर संस्थानच्या श्वानांनाही असेच संस्थानचे नाव मिळाले आहे. मुधोळ संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. आज तो कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. मराठी संस्थानिकाने जोपासलेले कुत्रे त्यामुळे कर्नाटकाचे म्हणून ओळखले जाऊ लागले. यात कोणी कोणावर अन्याय केला असे नाही, कारण त्या शासनाने या जातीसाठी कामही केले आहे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी श्वानांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होते. २०१६ साली येथील पिले मीरत येथील लष्कराच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी श्वानजातींचा उल्लेख केला, तेव्हाही हेच नाव देशभर ऐकू गेले.

तिसरे नाव इंग्रजी. जुन्या इंग्रजी लेखनात या कुत्र्याला ‘मराठा हाउंड’ असेही म्हटलेले आढळते. पण टिकले ते ‘कॅरव्हान हाउंड’. हे ‘कारवानी’चेच भाषांतर आहे. फार्सी कारवान मध्ययुगात युरोपात गेला, फ्रेंच, इटालियन अशा भाषांतून इंग्रजीत उतरला, आणि आता इंग्रजी पेहराव करून आपल्याकडे परत आला आहे. घरच्या माणसाने परदेशी जाऊन नाव बदलून यावे, तसाच हा प्रकार झाला. पिलांच्या जाहिरातींत आज ‘कॅरव्हान’ असे लिहिले जाते, आणि ते कारवानी नसून काही वेगळे, अधिक किमती कुत्रे असावे, असे घेणाऱ्यास वाटते. याच कॅरव्हान शब्दाचे शेपूट तोडून इंग्रजीत ‘व्हॅन’ झाले. गावोगाव मुलांना शाळेत नेणारी व्हॅन आणि अंगणातील कारवानी कुत्रे शब्दाच्या नात्याने एकाच घरचे आहेत. ‘हाउंड’ हा शब्दही सर्वस्वी परका नव्हे. संस्कृत ‘श्वन्’ आणि इंग्रजी ‘हाउंड’ ही एकाच प्राचीन मुळाची रूपे होत. जुन्या मराठीत कुत्र्याला ‘सुणे’ म्हणत, आणि कोकणीत ‘सुणें’ आजही बोलले जाते. ते याच श्वन्-कुळातले.

नोंदवहीतील नाव

हा सारा विचार केवळ शब्दांच्या हौसेपोटी करावयाचा नाही. देशातील पशूंच्या जातींची नोंदणी हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था करते. तिच्या नोंदवहीत राजापालयम व चिप्पीपराई या तमिळनाडूच्या श्वानजातींबरोबर ‘मुधोळ हाउंड’ ही जात कर्नाटकाच्या नावे नोंदलेली आहे. दुसरीकडे केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था आपल्या दप्तरी ‘कॅरव्हान हाउंड’ असे लिहिते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ असे. जानवळचा पशुपालक ज्याला कारवानी म्हणतो, त्याचे पिलू एका संस्थेच्या कागदावर एक आणि दुसरीच्या कागदावर दुसरे ठरते. ‘कारवानी’ हे त्याचे स्वतःचे नाव मात्र दोहोंपैकी एकाही कागदावर नसते.

याचा परिणाम गणनेच्या वेळी दिसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१ व्या पशुगणनेत श्वानांसह १५ प्रकारच्या पशुधनाची व कुक्कुटवर्गीय पक्ष्यांची गणना योजण्यात आली, आणि भटक्या पशुपालकांकडील पशुधनाची स्वतंत्र माहिती प्रथमच घेण्याचे ठरले. जातवार माहितीसाठी नोंदणीकृत जातींच्या नावांचाच आधार घेतला जातो. प्रगणकाने ‘कुत्रे कोणत्या जातीचे?’ असे विचारले आणि उत्तर ‘कारवानी’ असे मिळाले, तर यादीत ते नाव सापडत नाही. कारवानी म्हणजेच मुधोळ, हे प्रगणकाला ठाऊक नसेल तर ते कुत्रे ‘गावठी’ म्हणून मोजले जाण्याचा संभव असतो. जी जात आकड्यांत दिसत नाही, तिच्यासाठी पैदास केंद्र, लसीकरण मोहीम किंवा संवर्धनाची योजना मागणे पशुसंवर्धन विभागाला अवघड जाते.

या जातीला संवर्धनाची गरज आहे, यात शंका नाही. ज्या कामासाठी ती जोपासली गेली, ते काम आता उरलेले नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काळवीट व ससा हे दोन्ही प्राणी संरक्षित आहेत. कुत्र्यांच्या साह्याने त्यांची शिकार करणे हा गुन्हा आहे, आणि ग्रामपंचायतींनी हे आपल्या हद्दीत स्पष्टपणे सांगितले पाहिजे. शेताची व वस्तीची राखण हे काम कारवानी उत्तम करते. तथापि त्याला मोकळे धावावयास जागा लागते. शहरातील सदनिकेत साखळीने बांधून ठेवण्याजोगे हे कुत्रे नव्हे. शिवाय मोकाट कुत्र्यांशी संकर होऊन शुद्ध वंश कमी होण्याचा धोका खेड्यात कायमचाच असतो.

एखाद्या जातीच्या नोंदणीसाठी वा तिच्या क्षेत्राच्या माहितीसाठी जे वर्णन पाठवावे लागते, त्यात मुख्य नावाबरोबर पर्यायी व स्थानिक नावांनाही जागा असते. लातूर, नांदेड, जालना, सोलापूर या जिल्ह्यांतील पशुधन विकास अधिकाऱ्यांनी ती जागा रिकामी ठेवता कामा नये. पशुपालक जसे बोलतो तसेच नाव लिहून घ्यावे. कोठे ‘कारवानी’, कोठे ‘कारवान’, कोठे ‘करवानी’ असे उच्चार येतील. ते एकसारखे करण्याच्या भानगडीत पडू नये. कुत्रे कोणाकडे आहे, किती पिढ्यांपासून आहे, लांब केसांचे असल्यास त्याला पश्मी म्हणतात काय, वडीलधाऱ्यांनी त्याचे मूळ कोठले सांगितले, ही माहिती शाळेतील मुलेही गावात फिरून गोळा करू शकतात, आणि शिक्षकांना परिसर अभ्यासासाठी यातून चांगला विषय मिळू शकतो. माहिती नोंदविताना ऐकीव हकीकत आणि प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट वेगवेगळी लिहावी, एवढेच पथ्य पाळावयाचे. धावड्याला गावात ‘धावडा’च लिहिले जाते आणि भोकरदनला भोकरदन. भोगवर्धन हे नाव शिलालेखांत राहिले म्हणूनच ते आज कळते.